आपल्या वाट्यातला अर्धा लाडू

आमच्या आजी-आजोबांना भेटायला जायचं असेल तर आधी त्यांचं वेळापत्रक विचारावं लागतं. आजी ७३ वर्षांची, आजोबा ७७ वर्षांचे. या वयात इतरांचे आजी-आजोबा नातवंडांच्या सुट्टीची वाट बघत असतात. आमचे सांगतात, "या की! फक्त परीक्षेच्या आठवड्यात येऊ नका, मुलींचे पेपर असतात."

या मुली म्हणजे आम्ही नव्हे. वर्धा जिल्ह्यातल्या एका संस्थेच्या वसतिगृहात ६२ मुली राहतात. कुणाच्या वस्तीवर चौथीपुढे शाळा नाही, कुणाचे आई-वडील कामासाठी वर्षातले सहा महिने बाहेरगावी असतात. आजोबा पोस्टातून निवृत्त झाले, वर्षभरानं आजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून. २०१० साली दोघांनी नागपूरचं घर भाड्यानं दिलं आणि तिथे राहायला गेली. आजी गणित शिकवते, आजोबा हिशेब आणि टपाल सांभाळतात. पगार नाही. दहा बाय बाराची एक खोली, दोन वेळचं जेवण आणि स्वतःचं पेन्शन, एवढ्यावर त्यांचं छान चाललंय. संस्थेचं नाव लिहायचं नाही, असं आजीनं बजावलंय. "नाव लिहिलंस तर लोक आम्हाला बघायला येतील. काम करायला कुणी येणार नाही."

मी दिल्लीत राहते, लक्ष्मीबाई नगरमध्ये. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत आहेत, त्यामुळे आम्हाला हे क्वार्टर मिळालंय. जवळच आयएनए मार्केट आणि दिल्ली हाट, पलीकडे सरोजिनी नगरचा बाजार, थोडं पुढे एम्स. इथल्या कितीतरी घरांत आजी-आजोबा गावाहून येऊन राहिलेले असतात. सकाळी नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडायचं, मदर डेअरीच्या बूथवरून दूध आणायचं, संध्याकाळी पार्कात झोपाळ्याशेजारी उभं राहायचं, असा त्यांचा दिवस. आमच्या घरात तसं कुणी दिसत नाही. म्हणून शेजारच्या आंटींनी एकदा आवाज खाली करून आईला विचारलं होतं, "सास-ससुर को आश्रम में क्यों रखा है?"

आईनं समजावलं, की ठेवलेलं नाही, ते दोघं आपणहून गेलेत आणि तिथे रोज आठ-आठ तास काम करतात. आंटींनी मान हलवली. पण चेहरा सांगत होता, की सगळेच सुरुवातीला असं म्हणतात.

खरा वाद मात्र घरातच आहे. काका-काकू नोएडाला असतात आणि दोघंही नोकरी करतात. त्यांची मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. घरात आम्ही त्यांना छोटी आणि छोटू म्हणतो. मागच्या वर्षी त्यांचं पाळणाघर अचानक बंद झालं, तेव्हा काकानं आजीला फोन केला. "आई, आता पुरे झालं. इकडे या दोघं. मुलांना तुमची गरज आहे." आजीनं पंधरा दिवसांसाठी यायची तयारी दाखवली. काका चिडला. "जगाच्या मुलांना तुझ्याकडे वर्षं आहेत आणि आमच्या मुलांना पंधरा दिवस?"

हा प्रश्न मला खोटा वाटत नाही. आजी-आजोबा घरात असणं म्हणजे मुलांच्या कानावर मराठी पडणं, दुपारी कुणीतरी दार उघडायला असणं, आजारी मूल घरी ठेवून ऑफिसला जाता येणं. शहरातली कितीतरी घरं या बिनपगारी मदतीवर उभी आहेत. मग ज्यांचे आजी-आजोबा दुसऱ्यांच्या मुलांसाठी निघून जातात, त्या नातवंडांच्या वाट्याला काय येतं? गेली पंधरा वर्षं मी अशी नात आहे, त्यामुळे याचं उत्तर थोडंफार देऊ शकते.

नातू झाला की निघा

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. ब्रह्मचर्य, गृहस्थाश्रम, वानप्रस्थ आणि संन्यास या चार आश्रमांबद्दल आपण शाळेत वाचलेलं असतं. वानप्रस्थ नेमका कधी सुरू करायचा, याची खूणही जुन्या धर्मशास्त्रात दिलेली आहे. अंगावर सुरकुत्या दिसू लागल्या, केस पांढरे झाले आणि मुलाला मूल झालेलं पाहिलं, की माणसानं वनाची वाट धरावी. म्हणजे आज ज्या क्षणी आपण आजी-आजोबांना बोलावून घेतो, त्याच क्षणी जुने लोक त्यांना जा म्हणत होते! मी हे आजोबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग आम्हाला तर उशीरच झाला. तू दहा वर्षांची झाल्यावर निघालो."

फरक इतकाच, की आता वन राहिलेलं नाही आणि मोबाइल आला आहे. आज निवृत्त माणसं घर सोडतात ती बहुतेक वेळा कामासाठी. परदेशातही हे दिसतं. अमेरिकेतल्या लॅटर-डे सेंट्स या ख्रिस्ती पंथात निवृत्त जोडपी सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंत जगात कुठेही सेवेला जातात, तीही स्वतःच्या खर्चानं. त्यांच्या घरीही नातवंडं असतातच.

विक्रोळीतली अमेरिकन आजी

मी एका कंपनीत कंटेंट रायटर आहे. आठवड्यातून दोनदा गुरुग्रामच्या ऑफिसला जावं लागतं. तिथे कॅबच्या वाटेवर 'कार्टरपुरी' नावाची पाटी दिसते. या गावाचं जुनं नाव दौलतपूर-नसीराबाद. ३ जानेवारी १९७८ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर इथे येऊन गेले आणि गावानं त्यांचं नाव घेतलं. मी सहज शोधत गेले तर गोष्ट पोहोचली थेट मुंबईत, त्यांच्या आईपाशी.

लिलियन कार्टर या शिक्षणानं नर्स. पती वारल्यानंतर जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स या छोट्या गावात राहत होत्या. मुलं मोठी झालेली, नातवंडं झालेली. वयाच्या ६८व्या वर्षी, म्हणजे १९६६ साली, त्यांनी अमेरिकेच्या पीस कोअर या स्वयंसेवक दलात नाव नोंदवलं. त्यांना पाठवण्यात आलं विक्रोळीला, गोदरेजच्या वसाहतीत. तिथल्या दवाखान्यात त्यांनी कामगारांची आणि त्यांच्या कुटुंबांची सेवा केली, कुष्ठरोग्यांचीही. जवळजवळ दोन वर्षं त्या तिथे होत्या. घरी पाठवलेल्या त्यांच्या पत्रांचं पुढे पुस्तक झालं.

ऑक्टोबर १९६७ मध्ये जिमी कार्टरना मुलगी झाली, एमी. तेव्हा आजी विक्रोळीत होत्या. १९६८ मध्ये त्या घरी परतल्या, तोपर्यंत त्यांनी या नातीला पाहिलेलं नव्हतं. व्हिडिओ कॉल नव्हते. परदेशी फोन लावणं सोपं नव्हतं. होती ती फक्त पत्रं.

एमीच्या वाट्याचं पहिलं वर्ष गेलं, हे खरंच आहे. पण या घरातली पुढची गोष्टही बघण्यासारखी आहे. लिलियन यांचा पणतू, जिमी कार्टर यांचा नातू जेसन, मोठा झाल्यावर त्याच पीस कोअरमध्ये गेला आणि दक्षिण आफ्रिकेत राहून आला. ज्या घरातली पणजी म्हातारपणी नर्सची पिशवी उचलून समुद्रापार गेली होती, त्या घरातल्या मुलाला ही वाट अनोळखी वाटली नसणार.

पस्तीस लाडू, सत्तर माणसं

यंदाच्या जानेवारीत छोटी आणि छोटूला घेऊन मी वर्ध्याला गेले. दिल्लीकडच्या शाळांना तेव्हा थंडीची सुट्टी असते आणि महाराष्ट्रातल्या शाळा सुरू असतात. म्हणजे आमची सुट्टी नेहमीच वसतिगृह गजबजलेलं असताना येते. काकाचा राग गेलेला नव्हता. पण मुलं 'आजीकडे जायचं' म्हणून हटून बसली होती आणि माझं काम लॅपटॉपवर कुठूनही होतं. धुक्यामुळे गाडी सहा तास उशिरा सुटली. सेवाग्राम स्टेशनवर आजोबा कानटोपी घालून उभे होते.

आईनं डिंकाचे लाडू दिले होते, मोजून पस्तीस. संध्याकाळी प्रार्थना झाल्यावर आजीनं डबा उघडला आणि सुरी मागवली. ६२ मुली, स्वयंपाकघरातल्या दोन मावश्या, अधीक्षिका ताई, आजी, आजोबा आणि आम्ही तिघं, असे सगळे मिळून ७०. प्रत्येकाला अर्धा लाडू. आजोबा खूश, कारण हिशेब तंतोतंत जुळला. छोटूनं मात्र भोकाड पसरलं. "ते लाडू मोठ्या काकूनं मला दिलेत!"

मुली गोळा झाल्या. एकीनं विचारलं, "काऊन रडतं रे?" दुसरी आपला अर्धा लाडू पुढे करू लागली. आजीनं तिला थांबवलं. "तुझा तू खा." मग आजोबांनी आपला अर्धा लाडू छोटूच्या हातावर ठेवला. आजीनं काही म्हटलं नाही. नियमात ते बसत होतं. आपल्या वाट्यातलं कुणालाही द्यायला तिथे कुणाची हरकत नसते.

त्या रात्री मला बरंच काही उलगडलं. आजी-आजोबांनी आम्हा नातवंडांना कायम असंच दिलं होतं, स्वतःच्या वाट्यातलं. मुलींच्या वाट्यातलं काढून कधीच नाही.

दुपारचा एक तास घ्या. आम्ही तिथे असलो की रोज दुपारी दोन ते तीन हा तास नातवंडांचा. ऑफिसमधल्या फळ्यावर आजी तसं खडूनं लिहूनच टाकते, म्हणजे त्या वेळात कुणी हाक मारत नाही. त्या तासात पत्ते, गोष्टी, भांडणं, जे म्हणू ते. मुली तेव्हा शाळेत असतात. आणि एरवी ती आजीची झोपेची वेळ असते. पहाटे साडेचारला उठणारी ७३ वर्षांची बाई तो तास झोपेतून काढते. छोटी-छोटूला हे माहीत नाही. आजीनं ते त्यांना सांगायला मला मनाई केली आहे.

सेवाग्रामला आलेली नातवंडं

रविवारी आजोबा आम्हाला सेवाग्रामच्या आश्रमात घेऊन गेले. त्यांच्या आवडीची एक माहिती ते तिथे जाताना दर वेळी सांगतात. १९३६ साली गांधीजी इथे आले तेव्हा गावाचं नाव सेगाव होतं. पण विदर्भात शेगावही आहे आणि टपालात घोटाळे व्हायचे, इकडची पत्रं तिकडे जायची. म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. "बघ, पोस्टामुळे गावाला नाव मिळालं," असं म्हणताना निवृत्त पोस्ट कर्मचाऱ्याची छाती फुगते.

त्या दिवशी बापूकुटीसमोरच्या झाडाखाली बसून त्यांनी मुलांना गांधीजींच्या नातवंडांची गोष्ट सांगितली. गांधीजींचे दुसरे चिरंजीव मणिलाल दक्षिण आफ्रिकेत राहत. युद्ध संपल्यावर त्यांचा मुलगा अरुण आणि धाकटी मुलगी इला सेवाग्रामला आजोबांकडे आली. अरुण बारा वर्षांचा, इला सहाएक वर्षांची. डरबनमध्ये अरुणला गोऱ्या मुलांनी मारलं होतं, कारण तो काळा. काळ्या मुलांनीही मारलं होतं, कारण तो पुरेसा काळा नव्हता. पोरगा रागानं धुमसत होता. आई-वडिलांनी त्याला आजोबांपाशी ठेवलं.

आजोबा कोण, तर ज्यांच्याकडे त्या वेळी अख्खा देश डोळे लावून बसला होता. स्वातंत्र्याच्या वाटाघाटी चालू, दारात माणसांची रीघ. तरीही गांधीजींनी या नातवासाठी रोज एक तास राखून ठेवला होता, असं अरुण गांधींनी पुढे सांगितलं आहे. राग आला की तो वहीत लिहून काढ, पण लिहिताना त्यावर उपाय शोधायच्या हेतूनं लिही, हे त्यांना आजोबांनी तेव्हा शिकवलं.

इलाची गोष्ट छोटूला जास्त आवडली. आश्रमात त्या दिवसांत रोज भोपळा असायचा, उकडलेला आणि बेचव. मोठी माणसं निमूट खात होती, कारण आश्रमात तक्रार कशी करायची? सहा वर्षांची इला मात्र सरळ आजोबांकडे गेली. गुजरातीत भोपळ्याला कोळुं म्हणतात, तर या गावाचं नावच भोपळ्यावरून ठेवा, असं तिनं सुचवलं. गांधीजींनी चौकशी केली. शेतात भोपळाच लावला होता, म्हणून तोच शिजत होता. साधं जेवण याचा अर्थ रोज एकच जेवण असा होत नाही, हे त्यांनी व्यवस्थापकांना समजावलं आणि वेगवेगळ्या भाज्या लावायला सांगितल्या.

छोटूनं लगेच विचारलं, "मग मी पण सांगू? मला इथली वांगी आवडत नाहीत." आजोबा म्हणाले, "सांग. पण अधीक्षिका ताईंना सांग, मला नको. स्वयंपाकघर त्यांचं आहे." त्यानं खरंच सांगितलं. बदल काही झाला नाही, जानेवारीत वर्ध्याला वांगी खावीच लागतात. पण ताईंनी त्याचं म्हणणं खुर्चीवर बसवून, नीट ऐकून घेतलं, यावर तो दोन दिवस खूश होता.

अरुण गांधी पुढे मुंबईत पत्रकार झाले, मग अमेरिकेत गेले. आयुष्यभर ते आजोबांच्या सहवासातल्या गोष्टी सांगत राहिले. २ मे २०२३ रोजी, वयाच्या ८९व्या वर्षी, कोल्हापुरात त्यांचं निधन झालं. आजोबांच्या सहवासातला तो काळ थोडाच होता. रोजचा एकच तास होता. पण तो पुढे पाऊणशे वर्षं पुरला.

"ती माझी आजी आहे"

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, की आमच्याकडे सगळं गोडच आहे. तसं नाही.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी दहा वर्षांची होते. रविवारची सकाळ होती. मुली एकामागे एक रांगेत बसल्या होत्या. प्रत्येकजण पुढचीच्या केसांना तेल लावून वेणी घालत होती आणि शेवटची माझ्या आजीसमोर बसली होती. सगळ्या तिला 'आजी' म्हणत होत्या. माझ्या पोटात कसंतरीच झालं होतं. मी दारातच उभी राहिले. आजीनं हाक मारली, कंगवा माझ्या हातात दिला, एका छोट्या मुलीच्या मागे मला बसवलं आणि स्वतः माझ्या मागे बसली. केस विंचरून होईपर्यंत पोटातलं दुखणं थोडं कमी झालं होतं. पूर्ण गेलं नव्हतं.

यंदा छोटीचं तेच झालं. चौथीतल्या एका मुलीनं तिला विचारलं, "तू आजीची खरी नात होय का वं?" छोटी फुशारून "हो" म्हणाली आणि रात्री माझ्या कुशीत शिरून रडली. "त्या तिच्याजवळ रोज असतात. मी फक्त दहा दिवस." मी तिला काही समजावलं नाही. तिचं म्हणणं खरंच होतं. सकाळी आजीनं तिला काम दिलं, रोज संध्याकाळी अर्धा तास पाचवीच्या मुलींना इंग्रजी गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवायचं. त्याबदल्यात मुलींनी तिला सागरगोटे शिकवले. निघायच्या दिवशी तिच्याकडे अकरा मुलींचे पत्ते होते आणि आजोबांनी दिलेली कोरी पोस्टकार्डं.

मोठ्यांची दुखणी इतक्या सहज मिटत नाहीत. २०१९ मध्ये आईचं ऑपरेशन झालं तेव्हा आजी आली, पण पंधरा दिवसच. दहावीच्या मुलींची परीक्षा तोंडावर होती. आई तेव्हा काही बोलली नाही. नंतर मात्र बोलली, आणि अजून अधूनमधून बोलते. "मला त्या वेळी घरात कुणीतरी मोठं हवं होतं." आजी ते ऐकून घेते. कारणं देत नाही. परीक्षा होती, असंही म्हणत नाही. कारण आईच्या वाट्याचं जे होतं ते कमी पडलं, हे तिलाही माहीत आहे. जगाच्या कामासाठी घराबाहेर पडणाऱ्यांच्या घरात अशी एखादी जागा दुखरी राहतेच. ती नाही असं भासवण्यापेक्षा दुखऱ्या माणसाचं म्हणणं ऐकून घेणं बरं, असं मला आजीकडे बघून वाटतं.

आणि आणखी एक काळजी आहे. आजोबांचे गुडघे आता कुरकुरतात. उद्या दोघांपैकी कुणी आजारी पडलं तर कोण बघणार? यंदा मुलांना सोडायला गेले तेव्हा काकानं हेच विचारलं. फोन स्पीकरवर होता. आजी म्हणाली, "ज्या दिवशी आमचं काम दुसऱ्याला करावं लागेल, त्या दिवशी आम्ही निघू. तिथे ओझं व्हायला गेलो नाही." काका बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्या दिवशी मला आधी कळव. नागपूरचं घर उघडून नको बसूस." त्याचा राग पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही. पण 'आता पुरे झालं' हे वाक्य त्यानं या वेळी उच्चारलं नाही.

तुमच्या घरीही असं असेल तर

तुमच्या घरातलं कुणी मोठं माणूस एखाद्या रुग्णालयात, शाळेत, आश्रमात किंवा खेड्यातल्या प्रकल्पात असं पूर्णवेळ काम करत असेल आणि मुलांना तिकडे न्यायचं असेल, तर आम्हाला उपयोगी पडलेल्या काही गोष्टी सांगते.

निघण्याआधीच मुलांना खरं सांगा, की आजी दिवसभर तुमच्याजवळ नसेल. तिचा एक ठरलेला वेळ मात्र तुमचा असेल. ठरलेला एक तास 'बघू, वेळ मिळाला की' या आश्वासनापेक्षा मुलांना जास्त कळतो.

मुलांना तिथे पाहुणं ठेवू नका. वयाप्रमाणे एखादं खरं काम द्या. पाच वर्षांचा मुलगाही ताटं मांडू शकतो.

खाऊ न्यायचा तर सगळ्यांना पुरेल असा न्या, नाहीतर नेऊ नका. नियम सगळ्यांना सारखाच असू द्या. लाड करायचे ते आजी-आजोबांनी स्वतःच्या ताटातून करावेत.

मुलांची तक्रार दाबू नका. 'इथे असं बोलायचं नसतं' म्हणण्याआधी इलाचा भोपळा आठवा. रोज तिथे राहणाऱ्यांना जे दिसेनासं झालेलं असतं, ते बाहेरून आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी दिसतं.

आणि शेवटचं मोठ्यांसाठी. आजी-आजोबांनी आपल्या मुलांसाठी काय सोडलं, याचा हिशेब आपण पटकन मांडतो. त्यांना इतरांबरोबर वाटून घेताना आपणही आपल्या वाट्यातलं काहीतरी देत असतो, हे मुलांना जरूर सांगा. छोटी घरी आल्यावर काकाला म्हणाली, "बाबा, आपण आपली आजी त्या मुलींना दिलीय ना, वर्षभरासाठी?" काकानं उत्तर दिलं नाही. पण 'दिलीय' हा शब्द त्यानं ऐकला, आणि मीही.

शेजारच्या आंटींना मी आता वेगळं उत्तर देते. "आंटी, वो दोनो नौकरी करते हैं. छुट्टी मिलेगी तो आएँगे." त्या हसतात, मीही हसते. पण यात थट्टा कमी आणि खरं जास्त आहे. वसतिगृहाच्या मुली उन्हाळ्यात घरी जातात. त्या मे महिन्यासाठी आजोबांनी संस्थेकडे रीतसर रजेचा अर्ज दिलाय, दोघांचा मिळून, एकवीस दिवसांचा. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलंय, 'नातवंडांकडे जाणे'. अर्ज मंजूर झाल्याचं पोस्टकार्ड काल छोटीच्या नावानं नोएडाला पोहोचलं. ती सध्या यादी करतेय. दिल्ली हाट, रेल्वे म्युझियम, पार्कातला झोपाळा. आणि रोज दुपारी दोन ते तीन, आजीची झोप.

दुपारच्या त्या तासाचं गुपित तिला कुणी सांगितलं, ते मला माहीत नाही. मी तर नाही सांगितलं.